हनुक्का : भांडण आधी घरातले

महोदय,

हनुक्का या ज्यूंच्या सणावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. माहिती चांगली आहे, पण सगळा झगडा ‘ज्यू विरुद्ध ग्रीक’ असा सरळसोट मांडला आहे, तो पटत नाही.

चंद्रगुप्तामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या सेल्यूकसचा वंशज चौथा अँटिओकस याने इ. स. पू. १६७ मध्ये ज्यूंच्या धर्माचारांवर बंदी घातली, हे खरेच. पण त्याआधी जेरुसलेममध्ये ग्रीक पद्धतीची व्यायामशाळा काढली ती जेसन या ज्यू महापुरोहिताने; तेही राजाला पैसे चारून पद मिळवल्यावर. ज्यांच्या विजयाची आठवण म्हणून हनुक्का साजरा होतो, ते मॅकाबी बंधू उठले ते राजावर, तसेच आपल्यातल्या अशा मंडळींवरही.

आणि पुढे काय झाले? या बंडाचा नेता यहुदा मॅकाबी, त्याच्या भावाचा नातू राजा झाला तो अलेक्झांडर नाव लावून! त्याच्या तांब्याच्या नाण्यांवर एका बाजूला हिब्रूत ‘यहोनाथान राजा’ (हे त्याचे हिब्रू नाव), तर दुसरीकडे ग्रीक अक्षरांत ‘राजा अलेक्झांडरचे’ आणि मधोमध जहाजाचा नांगर. नांगर हे सेल्यूकसच्या घराण्याचे चिन्ह. ज्यांच्याशी आजोबा-चुलतआजोबा लढले, त्यांचेच चिन्ह नातवाने खुशाल उचलले. या बंडाची हकिकतही आपल्यापर्यंत आली ती ग्रीक ग्रंथांतून. हिब्रू बायबलमध्ये ती नाही.

लेख त्या प्राचीन बंडापाशीच थांबतो, याची जास्त खंत वाटली. ग्रीसमधल्या आयोआनिना, खाल्किस या गावांत ग्रीक बोलणारे रोमानियोट ज्यू शतकानुशतके राहत आले. त्यांच्यातलाच कर्नल मोर्देखाय फ्रिझिस १९४० मध्ये इटलीविरुद्ध ग्रीक सैन्यातून लढताना पडला. थेस्सालोनिकीचे बहुतेक ज्यू मात्र १४९२ नंतर स्पेनमधून आलेले, घरात लादिनो ही जुन्या स्पॅनिशवरून आलेली भाषा बोलणारे. नाझींना हा फरक कळण्याचे कारणच नव्हते. १९४३ मध्ये त्या एका शहरातून ४५ हजारांहून अधिक माणसे ऑशविट्झला पाठवली गेली. त्यांची जुनी दफनभूमी आदल्या डिसेंबरातच उखडायला घेतली होती. थडग्यांचे दगड बांधकामांना वापरले गेले आणि आज त्या जागेवर विद्यापीठ आहे. त्याला नाव अ‍ॅरिस्टॉटलचे! २०१९ मध्ये आयोआनिनाने मोइसिस एलिसाफ यांना महापौर निवडले, ग्रीसमधले पहिले ज्यू महापौर. हेही लेखात यायला हवे होते.

राहता राहिला आपला कोकण. अँटिओकसच्या छळामुळे आपले पूर्वज निघाले आणि नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले, असे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली ज्यू मंडळी, परंपरेने सांगतात. इतिहासकारांचे यावर एकमत नाही. पण मराठी वृत्तपत्रात हनुक्कावर पानभर मजकूर छापताना आपल्या शनवार तेल्यांना (शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून बेने इस्रायलांना पडलेले हे नाव) दोन ओळीही मिळू नयेत? पुढच्या वर्षी लेखकाने एकदा नवगावला येऊन तिथले स्मारक पाहावे आणि मग लिहावे, ही विनंती.

– एक वाचक, अलिबाग