बाबा, तुमच्यासारखा एक अंपायर सापडला

प्रिय आई-बाबा,

आई, तू पाठवलेली मेतकुटाची पिशवी फुटली होती, सगळ्या कपड्यांना वास, पण मेतकूट वाचलं. बाबा, गुडघ्याचं तेल रोज लावताय ना? आता हे पत्र जरा तुमच्यासाठीच आहे.

गेल्या शनिवारी सबवेने मॅनहॅटनच्या १५५व्या स्ट्रीटला उतरलो. तिथे पूर्वी पोलो ग्राउंड्स नावाचं बेसबॉलचं मैदान होतं, १९६४ला पाडलं, आता उंच उंच बिल्डिंगा आहेत, खाली वाळत घातलेलं कुणाचं तरी घोंगडं. टेकडीवरून उतरणारा एक जुना जिना तेवढा राहिलाय. मी तिथे पायरीवर बसून २३ सप्टेंबर १९०८ची मॅच आठवत होतो, म्हणजे वाचलेली हो.

न्यूयॉर्क जायंट्स विरुद्ध शिकागो कब्ज, १-१, शेवटचा डाव, दोन आउट. जायंट्सचा फ्रेड मर्कल पहिल्या बेसवर (बेस चार असतात, ओळीने चारही गाठले की एक धाव), वय १९, नेहमीच्या खेळाडूची कंबर धरली म्हणून त्या दिवशी त्याला त्या सीझनमध्ये पहिल्यांदाच सुरुवातीपासून उतरवलेलं. तिसऱ्या बेसवर मॅकॉर्मिक. ब्रिडवेलने बॉल मारला, मॅकॉर्मिक होमवर, म्हणजे शेवटच्या बेसवर पोचला, मॅच संपली, लोक मैदानात घुसले! तिथे ड्रेसिंग रूम मैदानाच्या पार टोकाला, लोकांची बाहेर जायची वाटही तिकडूनच, म्हणून ते पोरगं दुसऱ्या बेसला पाय न लावताच तिकडे पळालं. आता बेसबॉलमध्ये बॅट्समनने फटका मारून पळायला सुरुवात केली की पहिल्या बेसवाल्याला दुसरा बेस गाठावाच लागतो, तो तिथे तिसरा आउट झाला तर आधी आलेली धावसुद्धा बाद. पण मॅच जिंकल्यावर तेवढं कोण बघतं, सगळेच तसं करायचे.

कब्जचा जॉनी एव्हर्स बघत होता. त्याने कुठून तरी बॉल आणवला (तो मॅचमधलाच होता का यावर लोक अजून भांडतात), बेसवर उभा राहिला आणि अपील. अंपायर हँक ओडेने आउट दिला. गर्दीमुळे पुढे खेळणं शक्यच नव्हतं, मॅच बरोबरीत. सीझन संपला तेव्हा दोन्ही टीमचे विजय सारखेच, म्हणून ८ ऑक्टोबरला परत खेळले आणि कब्ज ४-२ने जिंकले, पुढे वर्ल्ड सिरीजही (म्हणजे सीझनची फायनल) त्यांनीच नेली. मर्कलला मात्र जन्मभर 'बोनहेड' म्हणजे ठोंब्या हेच नाव चिकटलं. नंतर कितीतरी वर्षं चांगला खेळला बिचारा, पण ते कुणाच्या लक्षात नाही.

बाबा, आता कळलं ना मी कुठे चाललोय ते? कॉलनीच्या फायनलला शेवटच्या बॉलवर दोन हव्या होत्या, मी दुसरी धाव अर्धी टाकून बॅट उंचावून नाचायला लागलो, कीपरने बेल्स उडवल्या आणि तुम्ही, स्वतःचा मुलगा असून, बोट वर केलंत. मी आउटच होतो, ते मला तेव्हाही माहीत होतं. चार दिवस बोललो नाही तुमच्याशी, आई दोघांना वेगवेगळं वाढायची.

राग आउटचा नव्हता हो. सेमीफायनलला समोरच्या टीमच्या पोराने हेच केलं तेव्हा तुम्ही 'मी बघितलं नाही' म्हणून सोडून दिलं होतंत ना, त्याचा होता!

तर ऐका. मर्कलच्या आधी १९ दिवस, ४ सप्टेंबरला, पिट्सबर्गमध्ये एव्हर्सने ह्याच गोष्टीवर अपील केलं होतं, अंपायर हाच ओडे, आणि त्याने बघितलंच नव्हतं म्हणून आउट दिला नव्हता. पुढच्या वेळी मात्र डोळे त्या बेसवरच.

सेमीफायनलनंतर तुमचेही डोळे क्रीजवरच होते का? रविवारी फोन करतो तेव्हा खरं सांगा, आईला स्पीकरवर ठेवायला सांगा.

तुमचा,
बंड्या