झाकून ठेवलेल्या कणकेबद्दल

तीर्थस्वरूप बुवांस साष्टांग दंडवत.

समोर आलो की शब्द फुटत नाहीत आणि आभाराचा विषय निघाला की आपण वीणा सावरत उठून जाता, म्हणून हे सर्वांसमक्ष लिहीत आहे.

२०२४ च्या श्रावणात आमची पावणेदोन वर्षांची मुलगी गेली. तापाचे निमित्त झाले. त्याविषयी अधिक लिहिण्याचे बळ नाही. एवढ्या लहान लेकराला आमच्याकडे अग्नी देत नाहीत, पुरतात, आणि त्याचे दहावे-तेरावेही करत नाहीत. त्यामुळे दुःख घरभर होते, पण ते घेऊन बसायला नेमून दिलेले दिवस नव्हते. चौथ्या दिवशी नातलग परतले आणि जाताना, 'तुम्ही माळकरी, तुम्ही असे रडायचे नसते', असे बजावून गेले.

भेटीला आलेल्या एका कीर्तनकारांनी तर तेरच्या गोरोबाकाकांची कथा सांगितली: मूल चिखलात तुडवले गेले तरी काकांचे भजन थांबले नाही आणि पुढे पंढरपुरात, भर कीर्तनात, तेच मूल रांगत आले, निष्ठा तशी हवी. आमची निष्ठा कमी पडली म्हणून आमची मुलगी परत आली नाही, याखेरीज त्याचा दुसरा अर्थ तिच्या आईने काय घ्यावा? ती उठून आत गेली. त्या गृहस्थांना मी अजून मनातून क्षमा करू शकलेलो नाही.

दोन दिवसांनी आपण आलात, बराच वेळ ओट्यावर नुसते बसलात आणि निघताना दाराआडून तिला एवढेच म्हणालात, "मुली, त्या कथेत संतीही आहे, त्या मुलाची आई. तिने टाहो फोडला, विठ्ठलालाच दोष दिला. मूल तिच्याही ओटीत आलेच ना?" त्या रात्री ती पहिल्यांदा मोठ्याने रडली.

मी मात्र देवळाची पायरी चढत नव्हतो. हरिपाठाला पखवाज माझा, आणि मुलगी रोज माझ्या मांडीला टेकून बसायची, त्या जागेकडे पाहवत नव्हते. आपण निरोप पाठवला नाही, दुसऱ्या वादकाला त्या जागी बसवलेही नाही. तीन महिने हरिपाठ नुसत्या टाळांवर झाला.

पुढे कार्तिक वद्य त्रयोदशी आली. १२९६ साली माउलींनी समाधी घेतली तो प्रसंग नामदेवरायांच्या अभंगांतून मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, पण गुरू असलेले निवृत्तिनाथही धाकट्या भावासाठी तेव्हा शोकाने व्याकूळ झाले, हे त्या दिवशी प्रथमच मनाला भिडले. संध्याकाळी पाय आपोआप देवळाकडे वळले. पखवाज त्याच्या जागी होता आणि शेजारी, वाटीत, ओल्या फडक्याखाली ताज्या कणकेचा गोळा होता. डाव्या बाजूला ती लावल्याशिवाय पखवाज घुमत नाही, हे वाजवणाऱ्याला सांगावे लागत नाही. मला वाटले, आज मी येणार हे कोणी ओळखले असावे. तेव्हा माझ्या आईने सांगितले की वीणा गळ्यात घालण्यापूर्वी आपण रोज स्वतःच्या हाताने तो गोळा मळून ठेवत होता आणि हरिपाठ संपला की गायीला घालत होता. एकही दिवस चुकला नाही.

बुवा, मला उपदेश पुष्कळांनी केला. माझी वाट पाहिली जात आहे आणि तरीही मला कोणी ओढणार नाही, हे त्या वाटीने सांगितले. फडके बाजूला करताना माझे हात थरथरत होते आणि आपण, मी काल रात्रीच उठून गेलो होतो अशा सहजपणे, पहिला अभंग सुरू केलात. माणसाला असे सांभाळणारी माणसे गावोगावच्या देवळांत असतील, त्यांची नावे कुठे लिहिली जात नसतील. त्या सर्वांनाही हा दंडवत.

तिची आई अजून हरिपाठाला येत नाही. पण आता संध्याकाळी कणीक तीच मळते आणि फडक्यात गुंडाळून माझ्या हाती देते.

आपला,
पखवाजावर बसणारा