त्या मुलालाही प्रेम करता येतं

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला समलिंगी प्रेमकथांवरचा लेख वाचला. पैशांसाठी रात्री रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या तरुणाच्या कथेत प्रेम शोधणं म्हणजे भाबडेपणा, हे लेखकाचं मत मला अजिबात पटलं नाही.

एचआयव्ही समुपदेशक म्हणून मी ११ वर्षं काम केलं. तेवीस वर्षांचा असाच एक मुलगा दर तीन महिन्यांनी तपासणीला यायचा, सोबत त्याचा जोडीदार. निकाल हातात पडेपर्यंत दोघं एकमेकांकडे बघायचेसुद्धा नाहीत. एकदा गिऱ्हाइकासोबत कंडोम फाटला, तेव्हा तो मुलगा आमच्या केंद्राचं दार उघडायच्या आधीपासून पायरीवर बसून होता. संसर्ग टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात, हे त्याला पाठ होतं. स्वतःबद्दल त्यानं काहीच विचारलं नाही. "हे २८ दिवस त्याच्याशेजारी झोपलो तर चालेल ना?" एवढंच.

'माय ओन प्रायव्हेट आयडाहो' (१९९१) या चित्रपटात अभिनेता रिव्हर फिनिक्सनं साकारलेला माइक, पैशांसाठी रस्त्यावर उभा राहणारा असाच एक तरुण, शेकोटीपाशी अंग चोरून बसतो आणि मित्राला सांगतो, की पैसे न घेताही मी कुणावर प्रेम करू शकतो. त्या भूमिकेसाठी फिनिक्सला व्हेनिस महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. मला मात्र त्या प्रसंगात पायरीवरचा तो मुलगाच दिसतो.

अशी एखादी कथा आपल्या पुरवणीत जरूर छापा. मारहाण, भूक, पोलिसांची भीती, सगळं येऊ द्या. फक्त शेवटी त्याला मारू नका.

आपली,
एक निवृत्त समुपदेशक