कुरडयांचा व्हिडिओ, कल्हईची फिल्म

जेलरोड, नाशिकरोड
रविवार, रात्री

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर बाबांना ऐकू येत नाही, आणि दादा मध्ये बसून माझं बोलणं ओरडून सांगायला लागला की अर्थच बदलतो. परवा मी म्हटलं "एडिट लॉक झालं" (म्हणजे फिल्मची जोडणी पक्की झाली, आता बदल नाही), ते बाबांपर्यंत "एडिट ब्लॉक झालं" असं पोचलं आणि तुम्ही दोघं रात्रभर काळजीत. म्हणून पत्र. आई, बाबांच्या हातात द्यायच्या आधी तू वाच. काही ओळी तुझ्याच आहेत.

बाबांचा प्रश्न दादाने जसाच्या तसा सांगितला: "कुरडयांचा व्हिडिओ तीन मिनिटांचा, तो दोन दिवसांत झाला. त्रैराशिक मांडलं तर कल्हईच्या चौदा मिनिटांच्या फिल्मला साधारण सव्वानऊ दिवस लागतात. हिला सात महिने कसे लागले?" बाबा, हिशोब बरोबर आहे. फक्त तो कुरडयांचा व्हिडिओ मुळात झालाच नव्हता.

तो सरावाचा व्हिडिओ होता. फिल्मच्या कोर्सचा तिसरा महिना, सरांनी सांगितलं होतं की घरातलं एखादं काम निवडा, तीन मिनिटांत दाखवा. तुम्ही दोघं एप्रिलात इथे आला होतात आणि आईने गहू भिजत घातले होतेच. मला आयताच विषय मिळाला. तीन दिवस गव्हाचं पाणी बदलताना, चीक गाळताना मी फिरकलेही नाही, कारण माझ्या मते "खरं काम" गच्चीवर होतं. आणि चौथ्या दिवशी सकाळी कॅमेरा घेऊन उभी राहिले ती थेट चुलीपाशी. "आई, परत एकदा घोट." "आई, हात जरा इकडून." "आई, कॅमेऱ्याकडे नको बघू." पंखा बंद, कारण आवाज येतो. बाबा बाहेरच्या खोलीत, कारण खोकला येतो. वर गच्चीवर गेलो तोवर चीक गार झाला होता आणि सोऱ्या ओढत नव्हता. अर्ध्या कुरडया तुटक्या निघाल्या. आई, तू तेव्हा काहीतरी म्हणालीस. माझं लक्ष स्क्रीनकडे होतं. काय म्हणालीस ते मला आठवत नाही.

आठवत नाही म्हणून शोधायला गेले, ही या पत्रातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. व्हिडिओवर मी वरून बासरी लावली होती, तुझा आवाज पूर्ण बंद करून. मूळ फुटेज ज्या कार्डावर होतं ते पुढच्या आठवड्यात दुसऱ्या सरावासाठी लागलं, म्हणून फॉरमॅट केलं. दुसरी प्रत काढली नव्हती. म्हणजे दीड तासाची आई होती, त्यातली तीन मिनिटं उरली, आणि तीही मुकी.

बाबा, तुम्ही सांगायचात ना, की प्रेसमध्ये खराब निघालेला कागदसुद्धा मोजून जमा करावा लागतो, चांगल्या कागदाइतकाच त्याचाही हिशोब. लहानपणी मला वाटायचं, काय हा जाच! आता आमचाही नियम तोच आहे. कॅमेऱ्यातून कार्ड निघालं की आधी दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर प्रत, दोन्ही उघडून बघायच्या, वहीत नोंद, आणि मगच कार्ड रिकामं. फसलेला टेकही नोंदवायचा, का फसला तेही लिहायचं. माझी वही बघितलीत तर खूश व्हाल. अक्षर तेवढं तुमच्यासारखं नाही.

वर्गात तो व्हिडिओ दाखवला तेव्हा सरांनी आधी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले आणि नुसता आवाज ऐकवला. तीन मिनिटं बासरी. मग म्हणाले, "आता सांगा, हे कशाबद्दल होतं?" एकजण म्हणाला, योगासनं. सगळे हसले, मीही हसले, आणि घरी येऊन जेवले नाही. आणि ट्यूबलाइटचे ते काळे पट्टे? तुम्ही म्हणाला होतात, टीव्ही बिघडलाय. टीव्ही ठीक होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि मी शटर, म्हणजे कॅमेरा एका चौकटीला किती वेळ उजेड घेतो ते, भलतंच ठेवलं होतं. सेकंदाचा १/५० ठेवलं की बहुतेक वेळा पट्टे जातात. एवढीशी गोष्ट, पण ती चुकल्याशिवाय डोक्यात बसली नाही.

आई, आता गाऊनबद्दल. तो व्हिडिओ मी तुला न विचारता घरच्या ग्रुपवर टाकला. तू जुन्या गाऊनमध्ये, केसांना तेल, कपाळावर घाम. मामीने हसण्याची चित्रं टाकली. तू ग्रुपवर काही लिहिलं नाहीस, मलाही बोलली नाहीस, पण त्यानंतर मी मोबाइल नुसता वर धरला तरी तू पदर सावरायला लागलीस. मला ते दिसत होतं. त्याचा अर्थ मात्र कल्हईवाल्या काकांनी लावून दिला, बऱ्याच महिन्यांनी. ते पुढे सांगते.

शेवटच्या फिल्मसाठी आमचा तिघांचा गट. एक मालेगावचा मुलगा, एक इगतपुरीची मुलगी, दोघं एकवीस-बावीसचे, मला ताई म्हणतात आणि कॅमेऱ्याची बॅग मलाच उचलायला लावतात. विषय ठरला कल्हई. भांडी बाजाराच्या मागच्या बोळात एक काका अजून बसतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "बाई, काम आहे का नुसती चौकशी?" दुसऱ्या बुधवारी मी माळ्यावरून आईचं मोठं पितळी पातेलं काढून नेलं. (हो, तेच. आतून पार उघडं पडलं होतं, त्यात आंबट काही ठेवलं असतं तर कळकलंच असतं.) काम आहे म्हटल्यावर बसायला स्टूल मिळालं.

पहिले चार बुधवार आम्ही कॅमेरा नेलाच नाही. हे सरांचं फर्मान. मला तो वेळ फुकट वाटत होता. पण बाबा, ही कल्हई तुम्ही लहानपणी पाहिली असेल, तिच्यात बघण्यासारखं असतं ते मोजून पंधरा-वीस सेकंद. आधी बराच वेळ घासणं, मग भात्याने फुलवलेल्या निखाऱ्यांवर पातेलं फिरवून फिरवून तापवणं. मग नवसागराची चिमूट पडते, पांढऱ्या धुराचा लोट उठतो, कथलाची कांडी तळाला टेकते आणि कापसाचा बोळा गरकन फिरतो. काळपट पितळेवर चांदी धावत जाते. संपलं. कथील २३२ अंशांनाच वितळतं, ते कोणासाठी थांबत नाही. "काका, परत एकदा" म्हणायची सोयच नाही, एका खेपेला एका पातेल्याला कल्हई एकदाच.

पाचव्या बुधवारी कॅमेरा लावला आणि तरी चुकलंच. धुराचा लोट आला, कॅमेऱ्याने आपणहून फोकस धुरावर नेला, आणि चांदी धावली ती सगळी धूसर. आईच्या पातेल्याची पाळी त्यानंतर होती, म्हणून वाचलं. फोकस हाताने बांधून ठेवला. आणि तोवर इगतपुरीच्या पोरीच्या लक्षात आलं होतं की काका भाता थांबवतात, डावा हात चड्डीला पुसतात, आणि मग चार मोजेपर्यंत कथील टेकतं. दर वेळी. हे काकांनाही माहीत नव्हतं. तिने हात पुसलेला बघितला की माझ्या खांद्याला बोट लावायचं, एवढंच ठरलं. तुझं पातेलं आई, असं आलंय की कडेची ठोक्याची खूणसुद्धा दिसते, दादाच्या बारशाला पडलेली ती.

तुम्ही मला शाळेत असताना पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकात न्यायचात. मला तिथलं कारंजंच आठवतं. फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, एवढंच पाठ होतं. या वर्षी कळलं की १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी आधी सरावच केला होता. कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून जास्त दिवस त्याच्या थोड्या थोड्या चौकटी (फ्रेम) टिपत राहिले. पडद्यावर दाण्याचा वेल झाला. तेवढी छोटी फिल्म दाखवून त्यांनी पैसे उभे केले आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लागला. सरस्वतीबाईंनी दागिने गहाण ठेवले, कोऱ्या फिल्मला अंधारात बसून भोकं पाडली. आई, हे वाचून तू म्हणणार, "भोकं बायकोने पाडायची आणि पाटी नवऱ्याची." म्हण. पण मला लागलं ते वेगळंच. त्यांनी वाटाण्यासाठी महिना काढला, आणि मला गहू भिजायचे तीन दिवस निघाले नाहीत.

आवाजाचं काम सगळ्यात किचकट. सिंहस्थाच्या तयारीची खोदकामं सुरू, कुठून तरी जेसीबी घरघरतोच. काकांच्या सदऱ्याला छोटा माइक लावला तर कापड घासून खरखर. शेवटी माइक बनियनला, तार आतून, आणि वर चिकटपट्टी. रोज निघताना एक मिनिट त्या जागेचा नुसता आवाज घ्यायचा, कोणी बोलायचं नाही, तो नंतर जोडकामात लागतो. काकांनी विचारलं, "आता काय घेताय?" म्हटलं, काही नाही. "ते किती वेळ घेणार?"

भांडणंही झाली. अहिल्याबाई होळकर पुलावरून गोदेवरची पहाट मी दोन दिवस साडेपाचला उठून टिपली होती, धुक्यात घाट, रामकुंडावर पहिले दिवे. माझा सगळ्यात आवडता शॉट. मालेगावचा पोरगा एडिटला बसून म्हणाला, "ताई, काका दुकान दहाला उघडतात. पहाटेशी त्यांचा संबंध काय?" मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी शॉट काढला. अजून वाईट वाटतं, खरं सांगते, आणि तो चुकीचं बोलला असंही म्हणवत नाही.

पहिली जोडणी सत्तावीस मिनिटांची झाली होती. ती दाखवताना सरांनी आम्हा तिघांना पडद्याकडे पाठ करून, बघणाऱ्यांच्या समोर बसवलं. नवव्या मिनिटाला पहिला मोबाइल उजळला. अकराव्याला तीन. चौदाव्याला कोणीतरी बाटलीचं झाकण उघडून उगाच लावलं. आम्ही वहीत वेळा लिहीत गेलो. दुसऱ्या दिवशी कोणी काही न सांगता आम्हाला माहीत होतं कुठे कापायचं. बाबा, आकडे हवेत तर घ्या: पाच तास चाळीस मिनिटांचं फुटेज, त्यातून चौदा मिनिटं, सेकंदाला २५ म्हणजे २१,००० चौकटी. जवळजवळ चोवीस मिनिटांतलं एक मिनिट ठेवलं. उरलेलं सगळं दोन डिस्कवर जमा आहे, मोजून.

आता काकांचं. एका दुपारी ते मुलाबद्दल बोलले होते. तो हे काम करत नाही, दुकानापुढून गाडीवर जातो आणि थांबत नाही. रागाने बोलले, मग गप्प झाले, आणि कॅमेरा चालू होता. वर्गात तो भाग बघून दोघीजणी रडल्या. फिल्म बाहेर दाखवायची म्हणून परवानगीची सही घ्यायला लॅपटॉप घेऊन आम्ही दुकानात गेलो, त्यांना सगळी दाखवली. काका म्हणाले, "चांगली आहे. ते मुलाचं काढा. घरात बघतील." मी समजवायला तोंड उघडलं, आणि त्यांनी चड्डीला हात पुसला. तोच हात. तेव्हा मला तुझा पदर आठवला, आई. आम्ही तो भाग काढला. फिल्म तिथे थोडी लंगडते, बघाल तेव्हा कळेलच. पण सही त्यांनी केली, आणि "तारीख सांगा, घरच्यांना आणतो" म्हणाले.

तर तारीख: येता नाही, त्याच्या पुढचा शनिवार, संध्याकाळी सहा. दादाला म्हणावं सकाळीच निघा, सिन्नरला जेवायला थांबू नका, इथे भाकरी-पिठलं तयार आहे. हॉल वरच्या मजल्यावर नाही, बाबांच्या गुडघ्याचं विचारून घेतलंय. तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्च्या तुमच्यासाठी धरल्या आहेत. बाबा, खाली मराठीत अक्षरं टाकली आहेत, काका काय बोलतात ते सगळं वाचता येईल. सरांना अक्षरं जरा जास्तच मोठी वाटतात. असू देत.

पातेलं परत माळ्यावर टाकलेलं नाही, ओट्याखाली आहे. एप्रिलात गहू भिजवशील का? पहिल्या दिवसापासून बसते, पाणी बदलायलाही मीच येते. पंखा चालू राहू दे, बाबांना स्वयंपाकघरातच खुर्ची टाकू. आणि आई, साडी की गाऊन ते तू ठरव. कॅमेरा नको म्हणालीस तर नुसतीच सोऱ्या ओढू लागते.

तुमची,
धाकटी