हायजिनिस्टचा नोंदणी क्रमांकही दिसू द्या

आरोग्य पुरवणीतील दातांच्या स्वच्छतेवरचा लेख वाचला. दात वेळोवेळी साफ करून घ्यावेत हे खरेच. पण ते साफ करणारा हात कोणाचा, हे लेखात आले नाही. १९४८च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्यांप्रमाणे डेंटल हायजिनिस्टची, म्हणजे दात साफ करणाऱ्या प्रशिक्षित सहायकाचीही नोंदणी सक्तीची केली. नोंदणीशिवाय किटण काढण्याचा वा दात पॉलिश करण्याचा व्यवसाय करता येत नाही. प्रत्यक्षात अनेक दवाखान्यांत डॉक्टरांची पदवी चौकटीत झळकते, अवजार हाती घेतलेल्या मदतनिसाचे नावही कळत नाही. (विचारावे, तर तोंडात नळी!) राज्य दंत परिषदेने हायजिनिस्टचा नोंदणी क्रमांक दर्शनी भागात लावणे बंधनकारक करावे आणि तपासणीत तो आवर्जून पाहावा.

– एक वाचक, सातारा