खाचेच्या तळाशी पाहायला शिकवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

हार्टफर्डच्या कोल्ट कारखान्यातली जुनी नक्षीदार रिव्हॉल्व्हर आमच्यासाठी तपासून दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. कुठं आणि का पाहायचं तेही सांगितलंत. अमेरिकेतल्या इतर मराठी संग्राहकांनाही ते कळावं म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहोत.

सुरुवात सुरक्षेपासून. काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा अर्धा ओढायचा, गोळ्या भरायचं बाजूचं गेट उघडायचं, सिलिंडर फिरवून सहाही घरं रिकामी असल्याची खात्री करायची. कॅप-अँड-बॉल, म्हणजे सुटी दारू आणि गोळी भरायच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये आधी सिलिंडरमागच्या निपलांवर कॅप (ठिणगी पाडणाऱ्या टोप्या) नाहीत ना ते बघायचं, मग लाकडी काडीनं प्रत्येक घराची खोली मोजायची. दीडशे वर्षांपूर्वीची दारू आणि गोळी आत राहिलेली असू शकते.

कोल्टच्या १८५१ च्या 'नेव्ही' या कॅप-अँड-बॉल रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरवरचं समुद्री लढाईचं चित्र पाहून नवखे लोक तिला 'नक्षीदार' म्हणून जास्त पैसे देतात. ते चित्र वॉटरमन ऑर्म्सबी या कोरीवकाम करणाऱ्याच्या साच्यावरून, कडक पोलादी रोलरनं दाबून उमटवलेलं असे आणि साध्या नेव्हीवरही असे. हातानं कोरलेली नक्षी फ्रेमवर, नळीवर, मुठीच्या पट्टीवर शोधायची.

सगळ्यात मोलाची शिकवण दहापट भिंगाची. कारखान्यात मऊ लोखंडावर आधी छिन्नी चाले, मग फ्रेम कडक केली जाई, शेवटी निळसर-काळी झिलई किंवा निकेलचा मुलामा. म्हणून अस्सल कामात खाचेच्या तळाशी मूळ झिलई टिकते आणि झीज उंचवट्यांवर दिसते. खाचेचा तळ उघडा आणि कडा धारदार, पण भोवतीचा पृष्ठभाग गुळगुळीत झिजलेला असेल, तर नक्षी मागाहून कोरलेली. गंजाचा खड्डा छिन्नीनं मधोमध कापला गेला असेल तर शंकाच उरत नाही. सगळंच चकचकीत असेल तर शिक्क्याची अक्षरं आणि स्क्रूच्या भोकांच्या कडा पाहायच्या. पुन्हा पॉलिश केलेल्या हत्यारावर अक्षरं पुसट होतात, भोकं बशीसारखी पसरतात.

हत्यार कसं आणि कुणाकडे पाठवलं हे कोल्टच्या जुन्या नोंदींतून सांगणाऱ्या पत्राबद्दल आमचा मोठा गैरसमज तुम्ही दूर केलात. १८७३ च्या काडतुसी सिंगल अ‍ॅक्शनच्या पत्रात कोरीवकामाचा उल्लेख नसला म्हणजे नक्षी नकली, असं आम्ही धरून चाललो होतो. पण झिलईच्या रकान्यात 'सॉफ्ट' (मऊ) असा शेरा असेल, तर ती कडक न करताच व्यापाऱ्याकडे, बहुधा न्यूयॉर्कच्या, गेलेली असते आणि तिथल्या निम्श्केसारख्या नक्षी कोरणाऱ्या कारागिरानं त्याच काळात कोरलेली असू शकते. अशी नक्षी कारखान्याची नसते, पण ती अस्सलच. किंमत ठरवताना हा फरक फार मोठा. शिवाय फ्रेम, चापाचा गार्ड आणि मुठीची पट्टी यांवरचे क्रमांक जुळायलाच हवेत. नेव्हीवर नळी, सिलिंडर आणि नळी जागेवर धरून ठेवणारी पाचर यांवरचे क्रमांकही तपासायचे.

जपणुकीच्या सूचना तंतोतंत पाळतो आहोत. पितळ चमकवायची पॉलिश बंद. तिनं झिलई जाते. हाताला सुती हातमोजे, लोखंडावर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ थर. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवत नाही, कारण चामडं ओल धरतं आणि लोखंड गंजतं. स्क्रूड्रायव्हरचं पातं स्क्रूच्या खाचेत तंतोतंत बसणारं, समांतर बाजूंचं घेतलं आहे. पाचरीसारखं निमुळतं पातं निसटून खाच फाडतं. हस्तिदंती मुठीला तेलाचा थेंबही लावलेला नाही.

नेव्हीची पाचर सोडवायची आहे, ती उजवीकडून डावीकडे, प्लॅस्टिकच्या हातोडीनं. तुम्ही याल तेव्हाच हात लावू.

तुमचे ऋणी,
आम्ही सगळे