वारूळ ठेवलं आहे

डिचोली, 14 एप्रिल

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीत तू म्हणाली होतीस, पणजोबांचं घर पाडून टाक, जीव तरी सुटेल. मी पाडलं नाही, तिथे वाचनालय करतेय. वासे चढलेत, नळ्यांची कौलं मे महिन्यात बसतील. मृगाआधी छप्पर झाकलं गेलं पाहिजे, बाकी सगळं मागाहून झालं तरी चालेल.

घर बिघडलं ते वाटण्यांपासून. आपल्या गोव्यातला 1867 चा पोर्तुगीज दिवाणी कायदा तुला माहीतच आहे. प्रत्येक वारसाचा वाटा आणि नवरा-बायको दोघांच्या सह्या. आमचे सतरा वाटेकरी. सरकलेलं कौल बसवायचं कुणी, यावरच अडायचं. भिंतीच्या माथ्यावर पाणी उतरू लागलं की मातीचं घर फार तग धरत नाही गं.

त्यात मध्ये एका ठेकेदाराने ओल थांबवायला बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला होता. तो फोडला तेव्हा आतली माती भिजवलेल्या कणकेसारखी बोटांना लागली. जमिनीतली ओल भिंतीत चढतेच, तिला सुकायला वाट लागते, आणि तीच बुजवलेली. तीन आठवडे भिंत उघडी ठेवली, मग चुन्याचा हात दिला. पडलेला भाग कच्च्या विटांनी उभारला. माती त्याच भिंतीची, चाळून घेतलेली. बाटलीत पाणी घालून हलवली तर तळाला थोडीच वाळू आणि वर चिकणमातीचा जाड थर. पहिल्या विटा त्यामुळेच तडकल्या. वाळू आणि बारीक तोडलेला पेंढा मिसळला, पायांनी मळली, सावलीत वाळवली, तेव्हा कुठे जमलं.

खरी अडचण माजघरात निघाली. तिथे कमरेएवढं वारूळ आलंय. गड्यांनी फावडी खाली ठेवली. वारूळ म्हणजे सातेरी देवी, तिला कोण हात लावणार? आत्येने दिवा लावला. मीही फोडू दिलं नाही. पण वाळवीच्या शेजारी पुस्तकं ठेवायची, या विचाराने दोन रात्री झोप आली नाही. शेवटी माजघर वाचनालयातून वगळलं आणि मधलं दार चिऱ्यांनी चिणून घेतलं. कपाटं लोखंडी, चिऱ्यांच्या ठोकळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब. वाळवी वर चढते ती मातीची नळी करून, म्हणून कपाटामागे नजर जाईल एवढी जागा सोडलीच पाहिजे. दर शनिवारी बघायचं काम मी अंगावर घेतलंय.

आणि वाचनालयच का, हे तू विचारशील. पोर्तुगीज अमदानीत मराठी शाळा देवळांत आणि घरांच्या सोप्यांवर भरत. आमच्या सोप्यावर पणजोबा शिकवायचे. आजीने धुळाक्षरं तिथेच गिरवली. त्याच सोप्यावर मुलांना बसून वाचायला जागा असावी, एवढंच मला हवंय.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ये. काकांचे बांधून ठेवलेले दिवाळी अंक आण, पण आधी दोन दिवस उन्हात घाल. आणि जुनी चप्पल घालून ये, राजांगण अजून चिखलाचंच आहे.

तुझी,
मालती